रुंदावणारं कडं

निपाणीचे धरणेंद्र मास्तर शाळेत विज्ञान शिकवत, पण गावाला आठवते ती त्यांची पितळी दुर्बीण. दिवेलागण झाली की ते ती गच्चीवर लावत आणि अभिजित ताऱ्याजवळचं एक फिकट कडं बघत बसत. विडीच्या धुराचं असावं तसं.

शेजारचा नेमगोंडा तंबाखूच्या वखारीतून येताना खालून ओरडायचा, "मास्तर, कड्याचं भोक बुजलं का न्हाय?"

"बुजत न्हाय रं, रुंदावतंय. ताऱ्यानं अंगावरचा वायू टाकलाय. त्यो बाहेर सरकत विरळ हुतोय. हजारो वर्सांनी दिसायचासुद्धा न्हाय."

"आन् तारा?"

"मधी ऱ्हातोय. उघडा, पांढरा, लई तापलेला. त्याच्यामुळंच कडं उजळतंय."

"म्हंजे जन्मतोय का मरतोय?"

"पुस्तकवाल्यांचं अजून ठरंना."

असले तारे म्हातारे असतात हे पुढं ठरलं. तोवर मास्तर राहिले नव्हते.

नेमगोंडाशी हे बोलणं झालं, त्याच साली मास्तरांच्या आई तारामतीबाईंनी आर्यिकेची, म्हणजे जैन साध्वीची, दीक्षा घेतली. घरात त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांचं सोडणं आधीपासूनच चाललं होतं. आधी गूळ सुटला, मग तूप, मग बोरमाळ. शेवटी केस उपटले, पांढरी साडी नेसल्या आणि नावासकट घर सोडलं. गाव म्हणालं, नवा जन्म झाला. बोरमाळ बायकोच्या, शालनच्या गळ्यात आली, गाय चिकोडीला बहिणीकडं गेली. कांबळं कुणी नेलं ते मास्तरांना आठवेना.

पुढं एकदा आर्यिकांचा संघ निपाणीत उतरला. त्यात आक्काही होत्या, आता सगळ्यांच्या माताजी. सकाळी माताजी आहाराला, दिवसातल्या एकाच जेवणाला, निघत, तेव्हा लोक दारात कलश घेऊन उभे राहत आणि ठरलेल्या शब्दांनी बोलावत. शब्द चुकला की त्या पुढच्या दाराला जात. आईनं एकदा आपल्या दारी थांबावं, एवढंच मास्तरांना हवं होतं. शालननं त्यांच्याकडून शब्द घोकून घेतले, "वंदामि माताजी, अत्र तिष्ठ तिष्ठ."

माताजी वळणावर दिसल्या. डोकं तुळतुळीत, हातात मोरपिसांची पिंछी. जवळ आल्या, तशी मास्तरांच्या तोंडून निघालं,

"आक्का, ये की गं."

माताजींची मान वर झाली नाही. त्या पुढं गेल्या. नेमगोंडाच्या दारातून शब्द बरोबर ऐकू आले, आणि त्या तिथं थांबल्या.

मास्तर कलश शालनच्या हाती देऊन शाळेत गेले. शिकवलंही.

संध्याकाळी नेमगोंडा खाली मान घालून, काही न विचारता चालला होता. गच्चीवरून मास्तरच म्हणाले, "हाय अजून. रुंदावतंय."