हेल्मेटवरच्या टपल्या

अमेरिकेत पोर खेळात घातलं की किस्से वेगळे जमवावे लागत नाहीत. गाडीच्या मागच्या सीटखाली चिप्सचा चुरा जमतो ना, तसे आपोआप जमतात. सीझन संपला, एका शनिवारी व्हॅक्युम घेऊन बसलो, की मग कळतं, अरे बापरे, हा तर पोतंभर आहे!

आमचा चुरा बेसबॉलचा. ट्रॉय, मिशिगन. मी इथे गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, बायको गौरी एका लॅबमध्ये आहे आणि लेक सई, वय वर्षं नऊ. सीझनच्या आधी बेसबॉलमधलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. आता सीझन संपलाय. अजूनही कळत नाही.

खेळायचं सईनंच ठरवलं. मैत्रिणीच्या भावाची मॅच बघून आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, तो मुलगा सगळ्या बेसेसना टच करून होमला परत आला ना, तर सगळ्या टीमनं त्याच्या हेल्मेटवर टपल्या मारल्या! मला त्या पाहिजेत!"

"टपल्या ना? मी घरी देते की, फुकट!" गौरी म्हणाली.

सई हसली नाही. तिनं अटच घातली. पूर्ण सीझनमध्ये निदान एक रन. एकदा तरी होम प्लेटला, म्हणजे बॅटिंग करतात त्या चौथ्या बेसला, पाय लागला पाहिजे. नाही लागला तर नेक्स्ट इयर नो बेसबॉल. आणि पोरगी शब्दाची पक्की आहे हो! स्विमिंग सोडलं, कथक सोडलं, व्हायोलिन तर भाड्यानं आणलेलं, तेही परत केलं. मला मनापासून वाटत होतं की हिनं हे तरी धरून ठेवावं. एरवी आमच्या गप्पा म्हणजे "हाऊ वॉज स्कूल?" "फाइन." एवढ्याच. मैदानावर नेता-आणताना मात्र ती गाडीत तोंड उघडायची. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

* * *

लीगचा फॉर्म ऑनलाइन होता. खाली पालकांसाठी चौकोन होते. कोचिंगला मदत कराल का, मैदान आखाल का, स्नॅक आणाल का, वगैरे. आता आपल्याकडचा माणूस! फॉर्ममध्ये रिकामा चौकोन दिसला की छातीत धडधडतं. आयुष्यभर 'रकाना रिकामा आहे' म्हणून खिडकीवरनं परत पाठवलेलं. मी सगळ्यांत टिक केली. 'खेळाचा अनुभव' विचारला होता, तिथे वीस वर्षं लिहिलं. टेनिस बॉलनं गल्लीत खेळलो, तो काय अनुभव नाही?

दोन दिवसांत कोच डेव्हचा फोन. आवाज भरून आलेला. "गेली सहा वर्षं मी टीम चालवतोय, पण सगळ्या चौकोनांत टिक करणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला!"

मी सांगणार होतो की चूक झाली. पण तो इतका खूश होता की धीरच झाला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला फर्स्ट बेस कोच केलं. म्हणजे आपली टीम बॅटिंग करत असताना पहिल्या बेसपाशी उभं राहायचं आणि पोरांना 'पळ' किंवा 'थांब' सांगायचं.

"कधी पळ आणि कधी थांब?" मी विचारलं.

डेव्ह खोखो हसला. त्याला वाटलं, मी विनोद करतोय.

* * *

पहिल्या प्रॅक्टिसला पाहतो तर मैदानावरचं प्रत्येक पोर हातात सुपाएवढा ग्लोव्ह घालून उभं. मी सईला म्हटलं, "आपल्याकडे एकटा विकेटकीपर ग्लोव्ह घालतो. बाकीचे उघड्या हातांनी घेतात. बघ, असं."

तेवढ्यात डेव्हनं मारलेला एक बॉल माझ्याकडे आला. मी दोन्ही हात ओंजळीसारखे करून तो झेलला. मग पोरांनी जो काय आरडाओरडा केला! "ही हॅज नो ग्लोव्ह! ही हॅज नो ग्लोव्ह!" मी तसा हसतच होतो, पण तळव्यातनं खांद्यापर्यंत कळ गेली होती. हा बॉल टेनिसचा नाही, दगड आहे हे मला झेलल्यावर कळलं.

डेव्ह शांतपणे बर्फाची पिशवी घेऊन आला. सोमवारी ऑफिसात माउस डाव्या हातानं चालवला.

गाडीत सई म्हणाली, "बाबा, यू वेअर सो कूल. पण प्लीज, मला ग्लोव्ह घेऊन दे."

* * *

आता ह्या पुढच्या किश्शात चूक शंभर टक्के माझी.

पहिल्या मॅचच्या आधी आठवडाभर मी तिला गराजसमोर बॅटिंग शिकवली. बॅट सरळ, कोपर वर, डोकं बॉलच्या रेषेत. "आडवी बॅट फिरवणं म्हणजे अडाणीपणा," हे माझं वाक्य. पोरीनं मन लावून घोटलं.

मॅचमध्ये तिची पाळी आली. बॉल आला. सईनं एक पाऊल पुढे टाकलं, बॅट सरळ खाली आणली आणि बॉल तिथल्या तिथे, पायापाशी मेला. इतका सुंदर डिफेन्स ह्या राज्यात आजवर कुणी केला नसेल! मी फर्स्ट बेसपाशी टाळ्या वाजवत, "वा सई, वा! शाब्बास!"

सईही तशीच उभी, पोझ धरून. सगळे आईबाप ओरडताहेत, "रन! रन!" ती बघतेय माझ्याकडे. मी टाळ्या वाजवतोय. मागे बसलेल्या कॅचरनं, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरनं, सावकाश बॉल उचलला, फर्स्ट बेसला टाकला. आउट.

"बाबा, तू क्लॅप का करत होतास?" तिनं विचारलं.

डेव्ह जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या पद्धतीत... पळत नाहीत का?"

* * *

एप्रिलमध्ये गौरीचे वडील आले, साताऱ्याहून. अप्पा. निवृत्त हेडमास्तर. बेसबॉल बघायचाच म्हणाले. घडीची खुर्ची, शाल, माकडटोपी असा सगळा सरंजाम घेऊन आमच्यासोबत मैदानावर. हवा अशी की बर्फ भुरभुरतंय आणि मॅच चालू!

त्या दिवशी समोरच्या बॉलरला, म्हणजे पिचरला, काही केल्या नेम साधेना. सईला त्यानं चार बॉल बॅटपासून लांब टाकले. सईनं बॅट हलवलीसुद्धा नाही. अंपायर म्हणाला, जा फर्स्ट बेसला. सगळ्यांच्या टाळ्या.

"हे काय?" अप्पांनी गौरीला विचारलं.

"अप्पा, चार बॉल चुकीचे आले की चालत पहिल्या बेसला जायला मिळतं."

"काही न करता?"

"हो."

अप्पांना ते फार लागलं. "आमच्या शाळेत नुसतं बाकावर बसून राहिलेल्याला मी कधी वर ढकलला नाही!" मग त्यांनी खुर्ची आमच्या टीमकडून उचलली आणि थेट अंपायरच्या मागे जाळीपाशी नेऊन मांडली. प्रत्येक निर्णयाला मागून मान हलवायची, होकारार्थी किंवा नकारार्थी. अंपायर साठी उलटलेला जाडजूड गृहस्थ. तिसऱ्या इनिंगला तो वळला. आम्हाला वाटलं, आता हाकलतोय. तर तो अप्पांच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ती टोपी कुठे मिळते?"

अप्पांच्या पिशवीत एक जादाची होतीच. उरलेली मॅच अंपायरनं आत माकडटोपी आणि वर लोखंडी मास्क घालून काढली. अप्पांनी त्याच्या एकाही निर्णयाला पुन्हा नकारार्थी मान हलवली नाही.

आणि सई? ती फर्स्ट बेसला माझ्या शेजारी उभी होती. आनंदानं लाल झालेली. "बाबा, आता फक्त तीन राहिले!" तेवढ्यात पुढचा आउट झाला, तो तिसरा, आणि इथे तीन आउट झाले की इनिंग संपली. तिला एक पाऊलही पुढे जायला मिळालं नाही.

* * *

मग आमची स्नॅकची पाळी आली. लीगची ईमेल होती, स्नॅकमध्ये शेंगदाणा चालणार नाही, बदाम-काजूही नाही, टीममधल्या एका मुलाला ॲलर्जी आहे. गौरीनं कपाळावर हात मारला. आमच्या घरात दाण्याचं कूट न घातलेला एकच पदार्थ म्हणजे चहा!

शेवटी तिनं सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं, नवीन पिठाची पिशवी, नवीन तेल आणलं आणि डबाभर शंकरपाळे केले. सई म्हणाली, "आई, प्लीज, चिप्स घे ना. दे विल लाफ."

मॅचनंतर पोरांनी मुठी भरभरून घेतले. पण कुणी चावेना! सगळे गालात धरून बसलेले, गाल फुगवून. मला कळेना हे काय चाललंय. मग लक्षात आलं. बेसबॉलवाले सूर्यफुलाच्या बिया अशाच गालात धरतात, दातानं फोडतात आणि साल थुंकतात. टीमचा ऑलिव्हर, सईचा खास दोस्त, पाच मिनिटं वाट बघून माझ्याकडे आला.

"सर, ह्याचं साल कधी निघतं?"

पुढच्या शनिवारपासून डेव्हच्या खिशात शंकरपाळ्यांची पुडी. "ह्यानं डोकं शांत राहतं," म्हणायचा.

* * *

सीझन सरत आला. एका रात्री मी जेवताना सहज म्हटलं, "सई, शेवटच्या मॅचला सगळ्यांना ट्रॉफी देणारेत म्हणे."

"आय डोन्ट वॉन्ट अ ट्रॉफी." ती ताटाकडे बघत होती. "टीममध्ये सगळ्यांची रन झाली. ऑलिव्हरची पण झाली, बाबा! तो मॅचमध्ये गवत उपटत बसतो!"

मग ती रडली. मीच शिकवलेलं तिला नडत होतं. त्या रात्री मी डेव्हला फोन केला आणि खरं काय ते सांगून टाकलं, की वीस वर्षं वगैरे सगळं क्रिकेटचं आहे आणि मला ह्या खेळातलं काही कळत नाही.

तो मग म्हणाला, "आम्हाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तू वेळेवर येतोस रे!"

* * *

आणि आता शेवटची मॅच.

शेवटची इनिंग, आम्ही एका रननं मागे. सई बॅटिंगला आली. मी तिला एकच सांगितलं होतं, बाबानं शिकवलेलं सगळं विसर. तिनं डोळे मिटून आडवी बॅट फिरवली. लागला! बॉल गडगडत गेला, समोरच्या पोराच्या हातातनं सुटला आणि ती माझ्यापाशी फर्स्ट बेसला. मग पुढच्या पोरांच्या फटक्यांवर सेकंड. मग थर्ड.

ऑलिव्हर बॅटिंगला आला. त्यानं जो हाणला, तो बॉल थेट पार कुंपणाकडे! ऑलिव्हर माझ्यापुढनं पळत गेला, मी बघितलंसुद्धा नाही. मी बघत होतो थर्डकडे. सई सुटली. वेणी हेल्मेटच्या बाहेर, तोंड उघडं. आणि प्लेटवर पाय पडला! रन! बरोबरी!

मी दोन्ही हात वर करून नाचायला लागलो. अख्खी टीम टपल्यांसाठी हात उगारून उभी. सईनं माझ्याकडे बघितलं. मी हात हलवतोय. तिनं कुंपणाकडे बघितलं. बॉल अजून लांब आहे. आणि ती टीमच्या मधनं सुसाट निघाली, परत फर्स्ट बेसकडे!

"थांब!" डेव्ह ओरडला. "सई, थांब!" गौरी ओरडली. टीम तिच्या मागे, टपल्या मारायच्या राहिल्या म्हणून. समोरच्या टीमला एवढंच दिसलं की कुणीतरी फर्स्टला पळतंय. त्यांनी बॉल फर्स्टला फेकला. त्यांच्या पोरानं तो सईच्या पाठीला लावला आणि "आउट! आउट!" करत नऊच्या नऊ जण नाचायला लागले. तोवर तिकडे ऑलिव्हर तिन्ही बेस ओलांडून आरामात होमला पोचला.

मॅच जिंकलो म्हणावं, तर कुणालाच खात्री नाही. समोरचा कोच लालबुंद. अंपायरनं मास्क काढला, फोनवर नियमावली उघडली, बराच वेळ वाचली, बंद केली. मग म्हणाला, रन झालेली मुलगी पुन्हा आउट होऊ शकत नाही, आणि पळू नये असं कुठे लिहिलेलं नाही. ऑलिव्हरची रन धरली. आम्ही जिंकलो! मग तो सईपुढे गुडघ्यावर बसला.

"बाळ, तू कुठे निघाली होतीस?"

"सेकंड रनला," सई म्हणाली. "देअर वॉज टाइम! बाबा वॉज कॉलिंग मी!"

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. मी हात खाली घेतले.

अंपायर मोठ्या प्रेमानं तिला म्हणाला, "एका फेरीत एकाला एकच रन मिळते. तुझी एक."

तेवढ्यात टीम पोचली आणि तिच्या हेल्मेटवर धपाधप टपल्या पडायला लागल्या. सईनं एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं. थोडा विचार केला.

"फाइन," ती अंपायरला म्हणाली. "मग दुसरी नेक्स्ट इयरमध्ये धरा."