हळदीचा फोटो आणि बिस्किटाचा डबा

प्रदर्शनात कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘तुमच्यावर कुणाचा प्रभाव?’’ मी हनुवटी खाजवतो आणि दोन-तीन परदेशी नावं ठोकून देतो. खरं उत्तर आहे एक बिस्किटाचा डबा आणि एक मुंगळा.

डबा पनवेलच्या बेकरीतला, पत्र्याचा. आतून काळा रंगवलेला, पुढे सुईनं पाडलेलं भोक, आत फोटोचा कागद. भोकावरची पट्टी काढायची आणि सहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात जो हलला, तो फोटोतून गायब! मला ही कला वाटायची, आमच्या अख्ख्या विचुंबे गावाला येडेपणा. बाबा बिल्डरांना खडी-रेती पुरवायचे आणि त्यांना मी धंद्यात हवा होतो.

आत्याच्या मुलाच्या हळदीला, रविवारी, त्यांनी पैज लावली. ‘‘आत्याला पसंत पडंल असा एक फोटू काड. नाय जमला, त उद्यापासून माज्यासंगं साइटवर.’’

मांडवात सगळ्यांना बसवलं, ‘‘हलू नका’’ म्हणून हात जोडले आणि पट्टी काढली. पहिल्याच मिनिटाला बँड सुरू झाला. संपलं! आमच्याकडे हळदीत बँड वाजूनही माणूस बसून राहिला, तर लोक डॉक्टरला बोलावतात. नवरदेव नाचला, करवल्या नाचल्या, आत्या तर खुर्चीवर चढून नाचली. मी डब्यापाशी रडकुंडीला आलो.

न्हाणीघरात लाल बल्ब लावून, आईच्या जुन्या ताटांत फोटो धुतला. मांडव, रिकाम्या खुर्च्या, थोडं धुकं. आणि मधोमध बाबा! पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ, मिशीसकट स्पष्ट.

आत्यानं फोटो उलटासुलटा करून पाहिला. ‘‘आन् माजा नवरदेव कुटं हाय?’’

तिनं तो घेतला नाही, म्हणून तर आज माझ्या प्रत्येक प्रदर्शनात तो पहिला लागतो. पण तेव्हा मी पैज हरलो होतो. सोमवारी सकाळी मुकाट्यानं बूट घालून दारात उभा राहिलो. बाबांचा कान सुजून भज्याएवढा झाला होता. फोटो चालू असतानाच मुंगळा चावला होता म्हणे.

‘‘मग हलायचं ना! तुम्हीच तर जिंकणार होता,’’ मी म्हणालो.

‘‘तूच बोल्लास ना, हलू नका,’’ बाबा किल्ली शोधत म्हणाले. आणि मला तसंच बुटांत सोडून एकटेच साइटवर गेले.