खिळ्यावरचा बिल्ला

तुमसर रोडच्या फलाटावर बाबा माझ्या बॅगेवर बसले होते. शेजारचा बाक रिकामा होता, पण बॅगेवर बसलं म्हणजे ती कुणी उचलून नेणार नाही, असा त्यांचा हिशेब. नागपूरची गाडी येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. त्यामुळे नव्याकोऱ्या बॅगेचं एक चाक तिथेच कामातून गेलं आणि सिंगापूरच्या लख्ख विमानतळावर मी ती खरडत, कुरकुर आवाज करत ओढत नेली. लोक वळून वळून बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. पण मला आपलं वाटत होतं, बाबा अजून तिच्यावरच बसले आहेत.

आई फलाटावर रडली नाही. "हसत जा," म्हणाली, "रडाचं ते आमी घरी जाऊन पाहून घेऊ."

आता आमच्या पॉलिटेक्निकची मुलंमुली मला मेसेज करतात. ताई, बाहेरची ऑफर आली आहे, जाऊ का? खोली केवढी मिळते? वरण-भात मिळतो का? एकेकाला उत्तरं देऊन मी थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. जे तिकडे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही. 'जा' किंवा 'नका जाऊ' असं तयार उत्तर मात्र माझ्याकडे मागू नका. यंदाच्या दिवाळीत मलाच ते शोधावं लागलं.

मी मूळची कुठली, हे सांगणंही सोपं नाही. जन्म चिखल्याचा. बाबा तिथल्या मँगनीजच्या खदानीत, अंडरग्राउंडला. आम्ही कामगारांच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पण बाबा चिखल्याचे नव्हेत. ते लाखांदूरकडच्या दिघोरीचे, तलावाखालच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वाढलेले. तीन भावांत धाकटे. एवढ्याशा बांध्यांना तिघांची गरज नव्हती, म्हणून त्यांनी वाट धरली. आजी तेव्हा म्हणाली होती म्हणे, "जमिनीवरचं पोरगं जमिनीखाली चाललं." म्हणजे आमच्या घरात गाव सोडणारी मी पहिली नाही. मी फक्त जरा लांब गेले.

खदानीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असायचा. खाली जाताना तो बत्तीघरात द्यायचा आणि टोपीवर लावायची बत्ती घ्यायची. वर आलं की बत्ती परत, बिल्ला परत. पाळी सुटल्यावर बत्तीघरात एखादा बिल्ला उरला, तर तो माणूस अजून खालीच आहे. एवढा सरळ कारभार. बाबा आपला बिल्ला घरी आणून स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवायचे. आई पाठमोरी असली तरी तिला तो टिणकन वाजलेला कळायचा आणि मगच ती भाताचं आधण ठेवायची. आम्ही भावंडं भुकेने कितीही कुरकुरलो तरी खिळा रिकामा असताना आमच्या घरी भात शिजला नाही. "वर आलेल्या मानसाले गरम भात पायजे," एवढंच ती सांगायची. मला तो तिच्या स्वयंपाकाचा नियम वाटायचा. तो तिच्या भीतीचा नियम होता, हे मला फार उशिरा कळलं.

मला एकदा खाली जाऊन पाहायचं होतं. आपला बाप दिवसभर कुठे असतो, हे पाहावंसं वाटणारच ना? पण बायांनी खदानीच्या पोटात उतरायचं नाही, असा तेव्हा कायदाच होता. आता तो सैल झाला आहे. मी हट्ट केला की बाबा म्हणायचे, "खाली दाखवाजोगतं काही नाई. अंधार आहे, तो अठी बी रायते." पुढे मी सिव्हिलला गेले, सर्वेक्षण शिकले, बोगद्यांचे नकाशे काढायची नोकरी धरली. नकाशे सगळे जमिनीखालचे आणि मी मात्र चौथ्या मजल्यावर, पंख्याखाली. मग सिंगापूरच्या एका कंपनीने मेट्रोच्या बोगद्याच्या मोजणीसाठी बोलावलं.

या शहराचं मला कौतुक आहे, आणि ते मी हातचं राखून करणार नाही. पहिल्या दिवशी साइटवर गेले तर कपाटात बायकांच्या मापाचे गमबूट ठेवलेले होते. माझ्यासाठी मुद्दाम आणलेले नव्हेत, आधीपासूनचेच. म्हणजे कुणीतरी बाई खाली उतरेल, हे कुणीतरी धरूनच चाललं होतं. ते बूट पायात घालताना मला भरून आलं. बुटांसाठी कोण रडतं? पण आलं खरं.

इथे साहेब आणि झाडूवाला एकाच हॉलमध्ये, शेजारच्या टेबलांवर जेवतात. म्हातारी माणसं सकाळी बागेत हातपाय हलवत असतात, आणि एकटी मुलगी कधीही, कुठेही चालत जाते, तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तुमसरच्या स्टँडवर काळीपिवळीची वाट पाहत उभं राहिलेल्या मुलीला विचारा, ढुंकून न पाहणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. एवढ्या माणसांचं शहर, पण रांग मोडत नाही आणि दिलेली वेळ चुकत नाही. मी या शहरावर जीव टाकते, असं म्हणायला हरकत नाही.

कडूही आहे. खोली एवढीशी की कूस बदलली तर भिंत लागते. थंडी कधी पडतच नाही. दिवाळी आली हे कॅलेंडर बघून समजून घ्यायचं. बोगद्यात राबणारी माणसं तमिळनाडूची, बांगलादेशची. त्यांची वसतिगृहं शहराच्या पार कडेला, आणि शहर त्यांना फार ओळखत नाही. तांदूळ छान, पांढराशुभ्र, पण आमच्या दिघोरीच्या नव्या धानाचा वास त्याला नाही. हे सगळं तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला विसरू नका.

आता माझा पराक्रम सांगते. आमच्या साइटवर बोगद्याच्या तोंडाशी दोन फळे आहेत, लाल आणि हिरवा. आत जाताना आपला फोटो असलेला बिल्ला लाल फळ्यावर अडकवायचा, वर आल्यावर तो काढून हिरव्यावर. हे काम पाहतात टॅन अंकल, सेफ्टीचे म्हातारे सुपरवायझर. इथेही मोठ्या माणसाला सगळे अंकलच म्हणतात, त्यामुळे मला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं. बहुतेक जरा जास्तच वाटलं. कारण पहिली पाळी संपवून वर आले, लाल फळ्यावरून बिल्ला काढला, खिशात टाकला आणि सरळ घरी गेले. भाडेकरूंच्या सामायिक स्वयंपाकघराच्या दारामागे एक आकडा होता, त्याला तो अडकवला. मग भाताचं आधण ठेवलं. आपण काही चुकीचं करतो आहोत हे डोक्यातही आलं नाही. वर आलेला माणूस दुसरं काय करतो?

तेवढ्यात फोन वाजला. मी कुठे आहे, जिवंत आहे ना, असं कुणीतरी ओरडून विचारत होतं.

माझा बिल्ला ना लाल फळ्यावर होता ना हिरव्या. म्हणजे मी ना आत, ना बाहेर. टॅन अंकलनी बोगदा खणणारं मशीन थांबवलं, पुढच्या पाळीला खाली सोडलं नाही आणि माणसं बोगदाभर मला शोधत फिरली. मी धावतपळत पोचले तर पुढच्या पाळीची सगळी माणसं हेल्मेट घालून ताटकळत बसलेली. वाटलं, आता फाडून खातील. एक बांगलादेशी गडी मात्र म्हणाला, "दीदी, खाना खाया?"

टॅन अंकलनी मला सर्वांसमोर असं झापलं की इंग्रजी संपल्यावर ते चिनीत गेले. सगळं ओकून झाल्यावर त्यांनी विचारलं, बिल्ला घरी कशाला नेलास? मी तुटक्या इंग्रजीत बत्तीघर, बाबा, खिळा, भात, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नावाचा आणखी एक बिल्ला बनवून आणला, त्यावर एक आडवी रेघ मारलेली. "हा तुझ्या घरासाठी," म्हणाले. "आणि तो माझ्यासाठी. पुन्हा अदलाबदल करू नकोस."

दरम्यान बाबा निवृत्त झाले. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. ज्या घरात मी वाढले ते सोडताना मी तिथे नव्हते. आईने व्हिडिओ कॉलवर रिकामी खोली दाखवली, मी 'हो, हो' म्हणत राहिले आणि फोन ठेवून उशीत तोंड खुपसलं. दोघं दिघोरीला परत गेले. बाबांचा पितळी बिल्ला जमा झाला. पण चौकटीवरचा खिळा मात्र त्यांनी पकडीने उपटून सोबत नेला आणि दिघोरीच्या स्वयंपाकघराच्या चौकटीत ठोकला. त्याला अडकवायला काही नव्हतं. "राहू दे," म्हणाले, "खिळा का खायाले मांगते?"

आणि बाबांचे कान गेले. आजोबांचेही असेच गेले होते, आमच्या घराण्याचा वारसाच तो. उजव्या कानाशी बसून बोललं तर ऐकू येतं. यंत्र लावलं की डोकं दुखतं म्हणून काढून ठेवतात. फोनवर तर ते नुसते हसतात. मी काहीही विचारलं तरी हसतात.

यंदा कंपनीने पुढच्या मार्गाच्या कामासाठी विचारलं. काम चार-पाच वर्षांचं. त्याच सुमारास नागपुरातूनही एक बोलावणं आलं, पुन्हा नकाशांचं, पण दिघोरीपासून सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल इतकं जवळ. माझ्यापुढचा प्रश्न नोकरीचा नव्हताच. पुन्हा सिंगापूरला गेले तर बाबांशी बोलणं संपलं, कारण माझा आवाज आता फक्त उजव्या कानापासून वीतभर अंतरावर त्यांच्यापर्यंत पोचतो. हे तराजूत घातलं की दुसरं पारडं हलतच नव्हतं.

सुट्टी काढून मी घरी गेले. दिवाळीनंतर दिघोरीची मंडई होती, म्हणजे गावची जत्रा, घरोघरी पाहुणे. मला पाहून आई म्हणाली, "फोटोत तं चांगली दिसत होती, वाळून गेली पोरगी," आणि मी टॅन अंकलचा रेघ मारलेला बिल्ला दिला तर पदराने पुसून आत घेऊन गेली. संध्याकाळी मी बाबांना घेऊन तलावाच्या पारीवर, बांधावर गेले. त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि कानात सगळं सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं. मंडईला चाललेल्या अर्ध्या गावाला माझी नोकरी कळली.

"तर काय करू, बाबा?"

ते पाण्याकडे बघत राहिले. ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा सुरुवात करणार, तोच म्हणाले, "तठी वर आल्यावर मोजते का कोनी?"

मग मी त्यांना लाल-हिरव्या फळ्यांची गोष्ट सांगितली. आधी लाजेने सांगितली नव्हती. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हतीच.

"काम बंद ठेवलं? तुह्या एका बिल्ल्यासाठी?"

"हो."

"तुहे कोन लागते ते?"

"कोनीच नाई लागत."

बाबा हसले. हे फोनवरचं हसू नव्हतं. "मंग जा. आपले कोनी न लागनारे बी जठी आपल्याले मोजते, ते जागा चांगली."

"आन् तुमी? माहा आवाज तुमाले येत नाई तठून."

"मी खाली रायलो तवा तुह्या मायले माहा आवाज येत होता का?" ते म्हणाले. "खिळा पाहे ते."

मी परत आले. आता रोजचं असं चालतं: बोगद्यात उतरण्याआधी मी आईला लिहिते, 'खाली चालली.' आई रेघेचा बिल्ला खिळ्यावरून काढून तांदळाच्या डब्यात ठेवते. वर आल्यावर लिहिते, 'वर आली.' आई डबा उघडते, बिल्ला खिळ्याला लावते आणि त्याच डब्यातून तांदूळ काढते. बाबांना काही सांगावं लागत नाही. कुणी मला घर कुठे विचारलं, तर चिखल्याच्या क्वार्टरमध्ये आता दुसरी माणसं आहेत, इथली खोली भाड्याची, आणि दिघोरीत मी कधी राहिले नाही. तरी मी दिघोरीच सांगते. खिळा तिथे आहे.

परवा मशीन अडलं आणि पाळी लांबली. वर येऊन मोबाईल सुरू केला तर आईचा मेसेज आधीच येऊन पडलेला: 'तुहे बाबा खिळ्यासमोर खुर्ची टाकून बसले आहेत. उठा म्हटलं तं उठत नाईत.'

माझ्या डोळ्यांसमोर तुमसर रोडचा फलाट आला. मी हिरव्या फळ्यावर बिल्ला अडकवला, टॅन अंकलनी मान हलवली, आणि चिखलाच्या बोटांनी मी लिहिलं, 'वर आली.'

थोड्या वेळाने उत्तर आलं, 'उठले. भात मांडला.'