जास्तीचा पाटा

तापलेल्या लोखंडावर जळकं तेल पडल्याचा वास आला की मला इतवारीजवळचा तो कमानीवाला मिस्त्री आठवतो. मोठ्या भावाने जुन्या व्हॅनमध्ये झोपायचा बाक, स्टोव्ह, पाण्याची टाकी बसवली होती. संत्र्याच्या हंगामात तो काटोलच्या बागेवर त्यातच मुक्काम करायचा. सामानाने गाडी मागून बसायची, म्हणून मागच्या चाकांवरच्या कमानींत एकेक लोखंडी पाटा वाढवून आण, असं त्याने मला सांगितलं. मी दोन-दोन टाकायला लावले. मिस्त्री म्हणाला, "काहून गा? रिकामी गाडी घोड्यावानी उडन." पण मला मागची बाजू ताठ दिसायला हवी होती. पुढच्याच आठवड्यात भावाने सामान उतरवलं आणि सात महिन्यांच्या गरोदर वहिनीला माहेरून, काटोलहून, बाकावर निजवून आणलं. गाडीने असे दणके दिले की तिला वाटेतच कळा सुरू झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ म्हणत राहिला, "गाडी चालवाले माहा हातच जड हाय." संध्याकाळी कळा थांबल्या, पुढे दिवस भरून मुलगी सुखरूप झाली. मी गुपचूप जास्तीचे पाटे काढून आणले. पण वहिनी गाडीत असताना भावाने पुन्हा कधी चाक धरलं नाही, ते मलाच दिलं. वीस वर्षांनी, परवा काटोलला निघताना, मी त्याला खरं सांगून टाकलं. "म्हंजे तुह्यापायी मी वीस वर्षं मागं बसून राहिलो, लेका?" मग माझ्या हातातली चावी घेऊन त्याने वहिनीला हाक मारली, "चाल वं, समोर बस." मी मागे बसलो, आणि काटोल येईपर्यंत मला गाढ झोप लागली.