बनाबाईची टाच

पिराजीचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो बैलगाडीवरून पडून. तामलवाडीत तेव्हा दादामियाँ हाडं बसवायचे. त्यांनी पिराजीला उताणं झोपवलं, काखेत आपली टाच रोवली, मनगट धरून हात हळूहळू ओढला आणि खांदा खटकन जागेवर आला. पिराजीची बायको बनाबाई दाराआडून डोळे फाडून बघत होती. बघितलं, तेच पुढं तिच्या गळ्यात पडलं.

कारण त्या खांद्याला निखळायची चटकच लागली. सदरा घालताना हात मागं गेला, निखळला. झोपेत कूस बदलली, निखळला. बाहत्तरच्या दुष्काळात दादामियाँ लेकीकडं गुलबर्ग्याला निघून गेले आणि नेमका त्याच वेळी पिराजी खडीच्या कामावर घण मारायला लागला. घण त्याच्या डोक्यावर गेला की बनाबाई हातातली पाटी खाली ठेवून बघत राहायची. एका दुपारी तो लोंबता हात सावरत, दातओठ खात कामाजवळच्या पालात आला. आसपास कुणी नव्हतं. बनाबाईनं तुळजाईचं नाव घेतलं आणि नवऱ्याच्या काखेत उजवी टाच लावली.

खांदा बसला, पण बाईचा जीव उडाला. नवऱ्याला पाय लावला! तिनं लगेच त्याच्या पायावर डोकं ठेवलं. पुढं दर खेपेला हेच, आधी टाच आणि मग नमस्कार. सासू मथुराबाई तोंडाची भलती तिखट. तिला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून नवराबायकोनं संगनमत केलं. कुणी विचारलं तर सांगायचं, खांदा आपोआप बसतो. ही थाप सगळ्यांनी गुमान गिळली.

पण एकदा घण हातातून निसटला आणि शेजारच्या बाईच्या पायाजवळ पडला. मुकादमानं पिराजीला कामावरून काढलं. त्या सालात दुसरं काम होतं कुठं? खांदा नीट झाला तरच चूल पेटणार होती. मग मायलेक आणि सून, तिघं सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी फोटो काढला, हात हलवून पाहिला. "निखळला की बसवतं कोण?"

"आपोआप बसतो, साहेब."

"मग पुरता निखळत नाही, नुसता सरकतो. ऑपरेशन कशाला? व्यायाम करा."

थाप बनाबाईच्या अंगावर उलटली. खरं सांगावं तर शेजारी गाठोडं धरून सासू बसलेली, गप्प बसावं तर नवऱ्याचा हात कायमचा गेला. शेवटी पिराजीच खाली मान घालून बोलला.

"खोटं बोललो, साहेब. आपोआप न्हाय बसत. ही बसवती. काखेत उजवी टाच लावून. लई डाव बसवलाय."

मथुराबाईच्या हातातलं गाठोडं खाली आलं.

डॉक्टर म्हणाले, "हे आधी सांगायचं ना! खांद्याच्या पुढची बाजू फाटून सैल झालीय, ती आवळून शिवू. हात बाहेरच्या बाजूला पहिल्यासारखा वळणार नाही. घण विसरा. पण औत धराल, पाटी उचलाल."

ऑपरेशन झालं. पिराजीचा हात छातीशी बांधून तिघं परतली. दवाखान्यातल्या त्या सगळ्या दिवसांत सासू सुनेशी चकार शब्द बोलली नव्हती, आणि त्या अबोल्यानंच बनाबाई अर्धी झाली होती. शिव्या परवडल्या असत्या.

दारात मथुराबाईनं लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. टँकरचं पाणी, घागरीच्या तळाशी उरलेलं. त्यातलं तांब्याभर तिनं आणलं आणि लेकाच्या पायावर थोडं घातलं. बनाबाई बाजूला अंग चोरून उभी होती.

"हिकडं ये. पाय पुढं कर."

"नगं आत्या, पाणी न्हाय घरात."

"कर म्हन्ते न्हवं!"

बनाबाईनं भीत भीत डावा पाय पुढं केला.

"त्यो न्हाय," म्हातारी म्हणाली. "ज्यानं माझ्या लेकाचा खांदा बसवलास, त्यो."

आणि उरलेलं सगळं पाणी उजव्या पायावर ओतून, खाली बसून, तिनं सुनेची भेगाळलेली टाच आपल्या हातानं चोळून धुतली.