दख्खनी मेंढ्यांची दुपार

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात पशुवैद्य आहे, राहते आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल माझं मत चांगलं आहे. त्यामुळे हे सांगायला थोडं जड जातं.

त्या मे महिन्यात गुरुग्रामपलीकडच्या फार्मवर आमच्याकडच्या चाळीस दख्खनी मेंढ्या आणल्या होत्या. कडक उन्हात कुठली जात तग धरते ते बघून योजनेची यादी ठरणार होती. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "छोटी-सी काली भेड़ है, दिल्ली की लू में नहीं टिकेगी," आणि बिस्कीट चहात बुडवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेंढ्या नापास झाल्या तर आमचा अख्खा भाग योजनेतून बाद होणार होता. तपासणीला पंधरा दिवस उरले होते.

मग मी अकलेचे तारे तोडले. आपण उकडलं की स्वेटर उतरवतो, तसं म्हणून निम्म्या मेंढ्या पार कातडीपर्यंत भादरून घेतल्या. शिवाय त्या दुपारी एकमेकींना चिकटून उभ्या राहायच्या, तर हवा खेळावी म्हणून मध्ये जाळ्या ठोकल्या. चौथ्या दिवशी भादरलेल्या मेंढ्या तोंड उघडून धापा टाकू लागल्या. दोघींनी चारा सोडला. माझं धाबं दणाणलं.

माझे वडील, आबा, तेव्हा नातवंडांना भेटायला दिल्लीत आले होते. उभा जन्म मेंढरांमागं चाललेला माणूस. आणि मी घरी बसून इंग्रजी पुस्तकं चाळत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा. शेवटी त्यांना फार्मवर घेऊन गेले.

आबांनी कळप बघितला. "कुणी क्येलं ह्ये?"

"मी."

"आगं, लोकर म्हंजी मेंढराचं छप्पर. छप्पर काढून ऊन कमी हुतंय व्हय? बोटभर तरी ठिवायची हुतीस." मग जाळीला हात लावून म्हणाले, "आन् ह्यी काढ आदी. उन्हात मेंढरं गोळा हुत्यात आन् एकमेकीच्या पोटाखाली डोस्की घालत्यात. पाठ तापली तरी चालतंय, डोस्कं गार पायजे. धा वर्साची आसताना तुला ठावं हुतं की."

ठाऊक होतं. खरंच होतं. शरमेनं माझे कान गरम झाले.

जाळ्या निघाल्या. भादरलेल्या मेंढ्या कडुनिंबाखाली गेल्या, चरणं फक्त पहाटे आणि ऊन उतरल्यावर. आबा रोज माझ्याबरोबर यायचे. हिंदीचा गंध नाही, तरी फार्मवरच्या माणसांना मराठीत फर्मावायचे आणि ती सगळी "जी बाबूजी" म्हणत निमूट ऐकायची. मी मात्र घड्याळ लावून मेंढ्यांच्या कुशी मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजत बसायचे. लोकरवाल्यांचा श्वास भर दुपारीही संथ. आठवड्यात बाकीच्याही सावरल्या.

तपासणीला साहेब मुद्दाम दुपारी दोनला आले. आबा माझ्या शेजारीच होते. वाऱ्याचे चटके देत लू सुटली होती. कळप गोल करून उभा, माना आत, बाहेर नुसत्या पाठी.

"बीमार हैं क्या?"

मी थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी एक तपासली, मग दुसरी, मग हट्टानं सहा-सात. सगळ्यांचं तापमान ठीक. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"बिल्कुल फिट. लिस्ट में डालिए. ये सब आपने किया?"

"जी सर" जिभेवर आलं होतं. तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं दिल्लीत कुणी घरचं विचारलं, तर घरी शेती आहे म्हणून मी वेळ मारून नेली होती.

"नहीं सर, मेरे पिताजी ने. हम धनगर हैं. भेड़ें चराते हैं."

त्या सगळ्या हिंदीत आबांना 'धनगर' एवढा एकच शब्द कळला असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पटका सारखा केला आणि साहेबांसमोर ताठ उभे राहिले.