खिडकीबाहेर कूलर नको

आमच्या सोसायटीत खिडकीबाहेर कूलर लावायचा नाही, हा नियम मी लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला माझा फार कळवळा यायला नको. मागणी सगळ्यांची, ठराव सभेचा, पण शब्द माझे. सरकारी कार्यालयात तीस वर्षं टिपण्या लिहीत आलेला माणूस सभेला आला की रजिस्टर आपोआप त्याच्यापुढे सरकतं. "काकाजी, तुम्हीच लिहा, तुमची भाषा पक्की." आणि भाषा पक्की म्हटलं की मी विरघळतो. हा माझा जुना रोग आहे.

त्या वर्षी इमारतीला नवा बदामी रंग दिला होता. आमच्या बोअरचं पाणी जड. कूलरमधून ठिबकलं की भिंतीवर पांढरे ओघळ उतरतात आणि मग कितीही घासा, जात नाहीत. बहुतेकांकडे तोवर एसी आले होते, आमच्याकडेही आला होता, त्यामुळे कूलरची बाजू घ्यायला सभेत कुणी उरलंच नव्हतं. मी लिहिलं : 'इमारतीच्या दर्शनी भागात, खिडकीबाहेर अथवा बाल्कनीत कूलर बसवता येणार नाही.' इथे थांबायला काय झालं होतं? पण पळवाट ठेवली की फाइल कशी वर्षानुवर्षं फिरते ते मला ठाऊक. म्हणून कुणी न सांगता पुढची ओळ मनानेच जोडली : 'कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही.' वाचून दाखवलं तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आणि ज्याला एसी सोसत नाही त्यानं काय करायचं?"

मी म्हटलं, असा कोण असतो आजकाल?

पुढच्याच फेब्रुवारीत बाबा न्हाणीघरात पडले. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात ते एकटेच राहायचे. वय ब्याऐंशी. आई जाऊन सहा वर्षं झाली, संत्र्याची बाग ठेक्यानं दिलेली, आणि घरात बोलायला भिंती. पडले तेव्हा दार आतून बंद होतं. शेजारचा माणूस दूध घेऊन आला, हाका मारून दमला आणि मग कौलं काढून आत उतरला. तोवर दोन तास बाबा त्या ओल्या फरशीवर होते. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पण पायातला जोर गेला, हातात काठी आली.

सहा वर्षं मी त्यांना नागपूरला चला म्हणत होतो आणि सहा वर्षं ते नाही म्हणत होते. या वेळी मात्र म्हणाले, "एक उन्हाळा पाह्यतो. जमलं तं राहीन." मला तेवढंच हवं होतं. एक उन्हाळा निभला की ते कायमचे आमच्याकडे. नाही निभला तर परत त्याच घरात, त्याच न्हाणीघरात, एकटे. सगळं त्या एका उन्हाळ्यावर येऊन थांबलं होतं.

होळी झाली आणि एसी सुरू केला. दुसऱ्याच दिवशी बाबा सकाळी खाटेवरून उठेनात. गुडघे आखडलेले, छाती भरलेली. आम्ही दोघांनी धरून बसतं केलं. "हा वारा नाही गा," ते म्हणाले, "हे नुसतं थंड हाये." तापमान वाढवून पाहिलं, पंखा लावून पाहिला, एसी बंद करून पाहिला. बंद केला की बाबांची पश्चिमेची खोली भट्टी व्हायची. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, "कूलर चालतो ना त्यांना? मग कूलर लावा की." इतकं सोपं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

नियम खिडकीबाहेरचा आणि बाल्कनीतला होता, म्हणून आधी कूलर खोलीतच ठेवला. नागपुरात राहणाऱ्या माणसानं हा मूर्खपणा करू नये. कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा लागते. ती नसली की तो खोलीतलाच दमटपणा खोलीत फिरवत राहतो. तासाभरात चादर ओलसर, फरशी निसरडी, आणि बाबांच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. मग मी मन घट्ट केलं. त्यांची खाट हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी आणली आणि कूलर बाल्कनीत ठेवला. थेंब पडू नये म्हणून खाली मोठी परात. इतवारीच्या बाजारातून वाळा आणला. बाबांनी स्टुलावर बसून स्वतः कूलरच्या जाळीच्या ताट्यांत तो भरला, मला हात लावू दिला नाही. "तुले नाही येत," म्हणाले. "दाबून भरला तं हवा येत नाही."

त्या दुपारी ते एक वाजता निजले ते चार वाजता उठले. मध्ये दोनदा बायको जाऊन श्वास चालू आहे ना ते पाहून आली. उठले, चहा मागितला आणि सुनेला म्हणाले, "माही पेटी आना लागते वं गावाहून. दोन कपड्यांत किती दिवस काढू?" बायको स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे बघून हसली. पेटी मागवली म्हणजे बाबा राहणार होते.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या बाल्कनीचा फोटो आला. कूलरभोवती लाल गोल. खाली एकच शब्द : 'नियमभंग'. त्याच्या खाली अंगठेच अंगठे. संध्याकाळी दोन दिवसांत कूलर काढावा अशी नोटीस आली. नोटिशीत माझा ठराव जसाच्या तसा उतरवला होता, दुसऱ्या ओळीसकट.

मी सचिवाकडे गेलो. तिशीतला पोरगा, कंपनीत नोकरीला, वागायला अगदी गोड. पाणी दिलं, बसवलं. "काकाजी, माझ्या आजोबांनाही कूलरच लागायचा," म्हणाला. "मला वैयक्तिक काहीच नाही. पण तुम्हाला दिलं तर उद्या आठ जण येतील, त्यांना मी काय सांगू?" आता यावर मी चिडायचं तरी कसं? हेच वाक्य मी तीस वर्षं माझ्या खुर्चीतून लोकांना ऐकवत आलो. काही जण तर माझ्या टेबलाशी उभे राहून रडले आहेत, आणि मी त्यांना पाणी देऊन हेच सांगितलं आहे. शेवटी तो म्हणाला, अर्ज द्या, कमिटीपुढे ठेवतो.

अर्ज म्हणजे नुसता अर्ज नव्हता. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, खालच्या फ्लॅटची ना हरकत, वरच्या फ्लॅटची ना हरकत. खालच्या बाईंनी एक थेंब पडला तर सही मागे घेईन या अटीवर सही दिली. वरच्या फ्लॅटला वर्षभर कुलूप. मालक बंगलोरला. कूलरचं पाणी वर कसं चढणार, असं मी विचारलं, तर सचिव ओशाळून म्हणाला की फॉर्मवर रकाना आहे. मग त्या मालकाच्या मागे लागून सही मागवली. ती यायला नऊ दिवस लागले. सही आली तर कळलं, कमिटी महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच बसते, आणि तो रविवार परवाच होऊन गेला.

तोवर कूलर बंद. बाबा दिवसभर डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसायचे. दर तासाला उठून न्हाणीघरात जायचे, तो भिजवायला. मी ऑफिसात, आणि डोळ्यांपुढे ती ओली फरशी. बायकोनं दुपट्टा मी भिजवून देते म्हटलं तर ऐकत नव्हते. पेटी येऊन पडली होती. ती त्यांनी उघडलीच नाही.

मेमधला रविवार उजाडला. बाबा म्हणाले, "मी बी येतो." मी नको म्हटलं. ते ऐकेनात. "तुह्यानं होऊन नाही राहिलं नं, मंग मी बोलतो." गावात ते पंचायतीत बसलेला माणूस. शेताच्या धुऱ्यावरून, विहिरीच्या पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आलेली भांडणं त्यांनी बोलून मिटवलेली. समोरासमोर बसलं की माणूस ऐकतो, यावर त्यांचा विश्वास. धुतलेला सदरा, टोपी, हातात काठी. लिफ्टमधून खाली उतरलो तेव्हा मी त्यांचा दंड धरला होता आणि मला वाटत होतं, लिफ्ट अडकली तर बरं.

पाच जण टेबलापाशी बसले होते. बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात जोडले. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना देवासमोर सोडून कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. "मी म्हातारा मानूस," ते म्हणाले. "दीड-दोन महिन्यांची गोष्ट हाये. पानी सांडलं तं मी सोता पुसीन. पोराले घोर नका लावू." अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते टेबलाकडे बघत राहिले. सचिव पटकन उठला, बाबांना खुर्ची दिली. म्हाताऱ्याला आपण निष्ठुर वाटू नये, असं त्याला मनापासून वाटत असावं. तो म्हणाला, "आजोबा, आमच्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं. पण हे बघा, सभेचा ठराव आहे." आणि त्यानं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

बाबांनी चष्मा लावला. ते बोट ठेवून वाचतात. दर्शनी भागात. खिडकीबाहेर. बोट सावकाश पुढे जात होतं. 'कोणत्याही कारणास्तव अपवाद' इथे आलं आणि थांबलं. मला वाटलं शब्द अडला. पण ते शब्द वाचतच नव्हते, अक्षर बघत होते. शिकायला नागपुरात होस्टेलवर होतो तेव्हा दर आठवड्याला मी त्यांना पत्र लिहायचो. गावात ते ती पत्रं लोकांना दाखवायचे, मजकुरासाठी नाही, अक्षरासाठी.

"अक्षर तुहं हाये," ते हळूच म्हणाले.

मी हो म्हटलं. सभेनं ठरवलं ते लिहिलं, असं सांगता आलं असतं, आणि पहिल्या ओळीपुरतं ते खरंही होतं. पण त्यांचं बोट दुसरीवर होतं. मला लाज वाटली, इतकी की माझ्या हातातली त्यांची काठी मी टेबलाखाली लपवत होतो, का ते मला आजही सांगता येणार नाही.

बाबांनी रजिस्टर मिटलं. "बरोबर हाये," म्हणाले. "लेखी हाये तं मोडा काहून?" पुन्हा हात जोडले आणि उठले. आमच्या पाठीमागे अध्यक्ष म्हणाले की सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय सहानुभूतीनं घेऊ. सप्टेंबरात नागपुरात कूलर कोण लावतो?

ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी आल्यावर नुसती टोपी काढून ठेवली. बायको रडली, मला नाही नाही ते बोलली, आणि तिचं एकूण एक बरोबर होतं. मी म्हटलं, उद्या कूलर लावतो, काय दंड करायचा तो करू दे. बाबा म्हणाले, "नको गा. तुले इथंच राहायचं हाये." भाड्याचं घर बघतो म्हटलं तर नुसते हसले. सकाळी उठलो तर पेटी दाराशी होती आणि बाबा टोपी घालून तिच्यावर बसले होते.

गावी पोचवून चार दिवस राहिलो. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवून घेतला, आतली कडी काढून टाकली, दोन वेळच्या जेवणासाठी एक बाई लावली. शेजारी सकाळ-संध्याकाळ डोकावतो म्हणाला. रजा संपली आणि मी परत आलो. दुपारी बाबा एकटेच असतात.

म्हणून रोज दुपारीच मी फोन करतो. दीड वाजता, डबा उघडण्याआधी. गावचा कूलर पत्र्याचा, जुना, त्याच्या घरघरीत बाबांना फोन ऐकू येत नाही. शिवाय मोबाइल सदऱ्याच्या खिशात आणि सदरा खुंटीला. घंटी वाजून वाजून बंद होते. पुन्हा लावतो. शेजाऱ्याला लावतो, तो बागेत ओलितावर असतो. मग डोळ्यांपुढे ती फरशी येते, आणि मी फाइल उघडी ठेवून नुसता बसतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला त्या दिवशी अकरा वेळा लावला. बाराव्या वेळी, पावणेतीनला, उचलला.

"काहून गा, काय झालं?" झोपेतला आवाज. "मस्त हवा येऊन राहिली होती."

मी म्हटलं, "बाबा, दीड वाजता पाच मिनिटं कूलर बंद करत जा ना. फोन ऐकू येत नाही तुम्हाला."

पलीकडे कूलरची घरघर चालूच होती.

"आता तू बी मले नियम सांगून राहिला काय?" ते म्हणाले आणि हसले. अगदी मोकळं हसले, त्यांच्या मनात काही नव्हतं. फोन ठेवला आणि समोर एक माणूस अर्ज घेऊन कधीचा उभा होता, त्याला बसा म्हटलं.